परत कुठून येणार?

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लेखणी धरलेली नाही. वडील घोंगड्या विणतात, आजोबाही विणत. कॉलेजात मला हे दुसरंच वर्ष आहे, आणि वसतिगृहाच्या हस्तलिखितात ज्यांचे लेख येतात त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं असतात असं ऐकतो. त्यांच्या पंक्तीला बसायचं माझ्या मनात नव्हतं. मला लेख लिहायचाच नव्हता. एका माणसासाठी एकच शब्द लिहून पाठवायचा होता. आठ दिवस झाले, तो शब्द सुचला नाही. मग त्या माणसाविषयी जे जे आठवलं ते कागदावर उतरवत गेलो, आणि ते हे एवढं झालं. शब्द अजून सापडलेला नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या गावच्या स्टेशनचे मास्तर. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही.

आमचं स्टेशन सोलापूरच्या अगदी अलीकडचं. शहर तिथून चार कोस. सोलापूरकरांना ते 'गाडी उगाच अडते ते ठिकाण' म्हणून माहीत असावं. एक खोली, खोलीला तिकिटांची एक खिडकी, एक बाक, एक लिंबाचं झाड आणि टांगलेला रुळाचा तुकडा, म्हणजे घंटा. दिवसात दोनच गाड्या थांबत. सकाळची पॅसेंजर सोलापूरकडे आणि संध्याकाळची परत. दूधवाले, भाजीवाल्या, बाजारकरी असे सगळे त्याच दोन गाड्यांचे.

माझी हायस्कूलची पहिली यत्ता मात्र मी पायी केली. गाडी दारावरून जायची आणि मी रुळाच्या कडेनं चालत असायचो. याचं कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. आमच्याकडे माणूस कामाला निघाला की त्याला 'कुठं' विचारत नाहीत. विचारलं की टोकलं, आणि टोकलं की काम होत नाही. मग परत फिरायचं, घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. आणि स्टेशनच्या खिडकीचं तर कामच ते! आत जो बाबू बसेल तो पहिल्यांदा तेच विचारणार. आधीचा बाबू तर ओरडून विचारायचा, "ए, कुठं?" निम्मं गाव त्या खिडकीवरून माघारी यायचं, आणि बसून, पाणी पिऊन पुन्हा जाईपर्यंत गाडी गेलेली असायची.

आमचे आबा, म्हणजे वडील, म्हणायचे, "शिक्षणाचं काम हाय. ते रोज सकाळी टोकून घ्यायचं? लोकाच्या पोराला चालत असंल, आपल्याला न्हाय."

म्हणून मी चाललो. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडायची. वर्षअखेर हजेरी कमी पडली आणि त्याच वर्गात पुन्हा बसावं लागलं. आबा त्या दिवशी मागावरून उठले नाहीत. विणता विणताच म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. ह्ये तरी शीक."

त्याच उन्हाळ्यात मास्तर बदलून आले.

धारवाडाकडचे होते. मराठी शिकलेली होती, पण मधेच कानडी डोकावायची. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकट्या भावा. उंच, वाळकी अंगलट, आणि कितीही ऊन असो, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. मेलगाडी आमच्याकडे थांबत नसे, धुरळा उडवत निघून जायची. आधीचे बाबू खुर्चीतूनच हिरवा बावटा दाखवत. मास्तर मात्र कोट झटकून, टोपी सारखी करून फलाटाच्या कडेला ताठ उभे राहायचे. एकदा मी विचारलं, "मास्तर, गाडी तर थांबत नाही."

"तम्मा, पाहुणा आपल्याकडं येवो न येवो, दारावरून चालला की उठून उभं राहायचं असतं."

आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनाही तो धडा मिळाला. आमच्या गल्लीतली सोनाआजी सोलापुरात लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. खिडकीशी गेली तर मास्तरांनी मऊ आवाजात विचारलं, "आजी, कुठं जायचं?"

आजीनं डबा कट्ट्यावर आपटला. "वाटोळं केलंस की रं माज्या कामाचं! लेक अडलीया तिकडं आन् तू टोकतुयास? कुनी बसवलं रं तुला हितं?" आणि डबा घेऊन तरातरा घरी गेली. गाडी निघून गेली.

दुसरा कुणी असता तर हसला असता. मास्तर संध्याकाळी कोट घालून आजीच्या दारात आले. गावाला वाटलं, रेल्वे कंपनीचा माणूस, म्हातारीवर काहीतरी आळ आला. मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, मला माहीत नव्हतं. पण तिकीट द्यायचं तर मला गाव कळायला हवं. मी काय विचारू, ते तुम्हीच सांगा."

आजी उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "आमी निघताना जातू म्हनतो का? येतू म्हनतो. मग येन्याचं इचार की. त्यात काय अवघड हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी खिडकीशी गेली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "आजी, परत कुठून येणार?"

"सोलापुरातनं!" आजी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की लिंबाखाली बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

त्या दिवसापासून आमच्या खिडकीवर तोच प्रश्न राहिला. आठवड्याभरात गावात बातमी झाली की ह्यो बाबू टोकत न्हाय. लोक यायला लागले. आबा स्वतः एक दिवस घोंगड्यांची वळकटी घेऊन गेले, प्रश्न ऐकला, उत्तर दिलं, सोलापूरचा बाजार करून आले. रात्री जेवताना म्हणाले, "त्येला उद्यापास्नं गाडीनं धाडा." माझी शाळा पुन्हा सुरू झाली ती अशी. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं आयुष्य फिरतं हे लिहिताना मला मोठं बोलल्यासारखं वाटतं, पण माझं फिरलं आहे.

त्या प्रश्नानं घोटाळेही झाले, नाही असं नाही. एका माणसाला सोलापूरपर्यंतच जायचं होतं, तिथून पायी पायी पाहुण्यांकडे अक्कलकोटला. त्यानं इमानानं सांगितलं, "अक्कलकोटातनं," आणि मास्तरांनी तिकडचं तिकीट फाडलं. पाटलांची मुलगी सासरी निघाली तेव्हा मास्तरांनी सवयीनं विचारलं, "परत कुठून येणार?" तिची आई पदराला डोळे पुसत म्हणाली, "आता कशाची येतीया वो ती." तेव्हा मास्तर खिडकीतून वाकून म्हणाले, "अल्ला अल्ला," म्हणजे कानडीत नाही नाही, "असं कसं? माहेरपणाला येणार की नाही? दिवाळीला? मग कुठून, ते सांगा." मुलीनं मान खाली घालून सासरचं गाव सांगितलं. तिच्या तोंडून त्या गावाचं नाव पहिल्यांदा निघालं ते त्या खिडकीपाशी, असं तिची आई नंतर सांगायची.

हे सारं मास्तर एका वहीत लिहीत. कंपनीच्या वह्या वेगळ्या, ही त्यांची. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'या स्टेशनाचा इतिहास'. मला वाटलं होतं, त्यात रूळ कधी पडले, कुठला लाटसाहेब इथून गेला, असलं काही असेल. तसं थोडं होतं. म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्यांनी लिहून घेतलं होतं की रूळ पडले तेव्हा लिंब कमरेएवढा होता, आणि पहिली गाडी आली तेव्हा गावानं तिच्यापुढं नारळ फोडला आणि भीतीनं पळ काढला. पण पुढं सगळी पानं उतारूंची. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात परत कुठून येणार, तिसऱ्यात आला की 'आला' आणि शेजारी बारीक अक्षरात एखादी गोष्ट. पहिलीच ओळ सोनाआजीची: 'सोलापुरातून. आली. नात झाली. लाडू दिले.'

"मास्तर, हा इतिहास आहे?" मी एकदा धीर करून विचारलं. शाळेत आम्हाला लढायांचा इतिहास होता.

"हौदु, होय. राजे लोक येतात आणि जातात, ते दुसरे कुणी लिहितील. आमच्या स्टेशनवरून गेलेला माणूस परत आला की नाही, हे आम्ही नाही लिहिलं तर कोण लिहील?"

संध्याकाळची गाडी आली की ते उतरणाऱ्यांचे चेहरे मोजत. एखादा रकाना मोकळा राहिला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी पोर्टर हुसेनचाचांना पाठवून चौकशी. कुणी गिरणीत लागला म्हणून राहिला, कुणी पुढं मुंबईला गेला. ते रकाने तसेच मोकळे. त्या पानांवरून ते नुसतं बोट फिरवायचे.

खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती: 'येथील सोयी'. पाणी, सावली, बसण्यास बाक, आणि चौथी सोय 'खरी वेळ'. पाणी ते स्वतः ओतायचे, आणि समोर कोण ओंजळ धरून उभा आहे ते बघायचे नाहीत. यावरून गावात कुरबूर झाली. मास्तरांनी पाटीवर 'पाणी'च्या पुढं 'सर्वांस' एवढं वाढवलं आणि कुरबुरीला दुसरं उत्तर दिलं नाही. खऱ्या वेळेची सोय मात्र साऱ्या गावाला आवडली. गावात घड्याळ नव्हतं. बाळ जन्मलं की पत्रिकेसाठी कुणीतरी धावत स्टेशनवर यायचं. पण धावून येईपर्यंत वेळ पुढं सरकलेली असायची. मास्तरांनी गावच्या प्रत्येक गल्लीपासून स्टेशनपर्यंत धावत यायला किती मिनिटं लागतात ते हुसेनचाचांना पळवून काढलं होतं. तेवढी वजा करून ते वेळ सांगत. हुसेनचाचा म्हणायचे, "पैदा होते गाँववाले, और दौड़ता कौन? हुसेन!"

आता त्या दिवसाचं सांगतो.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. बातमी आली की कंपनी सकाळच्या पॅसेंजरचा आमच्याकडचा थांबा काढणार. एवढ्याशा स्टेशनवर एवढे उतारू असतील यावर वरच्यांचा विश्वासच नव्हता. मास्तर आकडे फुगवून पाठवतात असा संशय. म्हणून एक साहेब स्वतः येणार, खिडकीत बसणार, आणि आपल्या डोळ्यांनी बघणार. थांबा गेला तर माझी शाळा गेली, हे मला कुणी सांगायला नको होतं. पुन्हा पायी, पुन्हा ओढा, पुन्हा हजेरी. घरात तर मागाची जागाही माझ्यासाठी साफ करून ठेवल्यासारखी वाटायला लागली.

पाटील मास्तरांकडे आले. म्हणाले, "काळजी करू नका. आख्खं गाव घालतो गाडीत. बायामानसं, पोरं, म्हशीसुद्दा."

"नको पाटील," मास्तर म्हणाले. "रोज जेवढे जातात तेवढेच जाऊ देत. उद्या खोटा गेलेला माणूस परवा कुठून आणू?"

साहेब आले ते बाजारच्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीत. आबांबरोबर घोंगड्या घेऊन मीही रांगेत होतो. साहेब गोरे नव्हते, पण टोपी गोऱ्यांची होती. मद्रासकडचे, असं हुसेनचाचांनी हळूच सांगितलं. मास्तरांनी खिडकी उघडून त्यांना जागा दिली आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, एक विनंती. इथं कुठं जाता असं विचारत नाहीत."

"तो क्या पूछते हैं? तबियत?" साहेब म्हणाले आणि मास्तरांना बाहेर उभं राहायला सांगितलं.

रांगेत पहिला दूधवाला तुका. साहेबांनी विचारलं, "किधर जाता?"

तुकानं मास्तरांकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, दुधाच्या घागरी उचलल्या आणि लिंबाखाली जाऊन बसला. दुसरी भाजीवाली. "किधर?" ती पाटी घेऊन तुकाच्या शेजारी. तिसरे आबा. "किधर?" आबांच्या कपाळावरची शीर मी बघितली. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल. घटकाभर बसू."

"आबा, गाडी येईल."

"टोकलंय. बस."

एकेक करत सारी रांग लिंबाखाली आली. सोनाआजी शेवटची. सगळ्यांनी पाणी प्यायलं, घटकाभर टेकले, आणि उठून शहाण्यासारखे पुन्हा रांगेत उभे राहिले. तुका पुन्हा पहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं, "अब बोलो, किधर जाता?"

तुका पुन्हा लिंबाखाली.

असं तीनदा झालं. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते. कोटाचं वरचं बटण ते लावत होते आणि काढत होते. मग गाडी आली, उभी राहिली, शिट्टी दिली आणि गेली. एक गोसावी तेवढा चढला. त्याला कुणी टोकलं तरी त्याचं काम अडत नाही. पण तो तिकीट काढत नसे.

साहेब खिडकीतून बाहेर आले. "ये क्या तमाशा है? ये लोग को जाना है कि नहीं जाना?"

मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. "हा मुलगा इंग्रजी शिकतो साहेब. याला विचारा. मी सांगितलं तर माझी सबब होईल."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. इंग्रजी मी पुस्तकात वाचलेली, कुणा मोठ्या माणसाशी बोललेली नव्हती. लिंबाखालून सारा बाजार माझ्याकडं बघत होता, आबाही. 'टोकणं' याला इंग्रजी शब्द कुठून आणू? मी एवढंच म्हणू शकलो, की सर, हे सगळे रोज जातात, पण तुमचा प्रश्न वाईट आहे.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मी घाईनं पुढं म्हणालो, की सर, जाणाऱ्याला कुठे जातोस विचारलं तर त्याचं काम होत नाही, म्हणून ते परत येऊन बसतात. इथले मास्तर विचारतात, परत कुठून येणार. मग सगळे सांगतात.

साहेबांनी ऐकून घेतलं. खिशातली डायरी काढली, काहीतरी लिहिलं आणि मास्तरांना म्हणाले, की कंपनी गाड्या अंधश्रद्धेवर चालवत नाही. एवढं बोलून डायरी मिटली. मला ती मिटल्याचा आवाज अजून आठवतो. आबांनी वळकटी खांद्यावर घेतली होती, पण ते उठले नाहीत.

थोड्या वेळानं सोलापूरकडे जाणारी मालगाडी येऊन थांबली. साहेब तिच्या गार्डच्या डब्यातून पुढं जाणार होते. हुसेनचाचा त्यांची पेटी डोक्यावर घेऊन मागोमाग निघाले. साहेबांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि हुसेनचाचांनी मागून विचारलं, "साब, किधर जाना?"

साहेबांचा पाय पायरीवरच राहिला.

मग त्यांनी हळूच पाय खाली घेतला. कुणाकडंही न बघता चालत आले आणि आमच्या बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

कुणी हसलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. लिंबाखाली पन्नास डोळे होते, एकही हसला नाही. फक्त सोनाआजी तिथूनच म्हणाली, "बसा साहेब, बसा. घटकाभर टेका. आमीबी बसलोय की."

मास्तर आत गेले आणि तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आले. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले. मालगाडीचा गार्ड बावटा घेऊन ताटकळत होता. साहेब उठले, टोपी घातली. तेव्हा मास्तर पुढं झाले आणि रोजच्याच आवाजात विचारलं, "साहेब, परत कुठून येणार?"

साहेबांनी मास्तरांकडं चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाले, "वाडी से." म्हणजे सोलापूरच्या पुढच्या वाडी जंक्शनहून.

गाडीत चढल्यावर त्यांनी डायरी उघडलेली मी पाहिली. लिहिलं की खोडलं ते दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी हुसेनचाचांना विचारलं, "चाचा, इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला कुठं जाता विचारलेलं मी ऐकलं नाही. आज कसं विचारलंत?"

"अल्ला कसम, जबान से निकल गया," ते म्हणाले आणि कंदील पुसायला लागले. मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी तर नाही विचारलं." मग म्हणाले, "तम्मा, त्यांनाही आजी असेल की."

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी जाताना मास्तरांच्या तोंडाकडं बघायचो आणि ते मान हलवायचे, म्हणजे अजून काही नाही. मग नवी वेळापत्रकं आली. मास्तरांनी गठ्ठा सोडलाच नव्हता. मला म्हणाले, "तू वाच. माझे डोळे आज बरे नाहीत." मी बोटानं ओळी खाली खाली नेल्या. आमचं नाव होतं. नावापुढं सकाळची वेळ होती. मी वेळ मोठ्यानं वाचली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, जशी काही गाडी आत्ताच येणार आहे, आणि टोपी सारखी केली. त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो. आबांनी विणलेली पहिल्या प्रतीची घोंगडी मास्तरांना नेऊन दिली. मास्तर नको नको म्हणाले तेव्हा आबा म्हणाले, "ही सोय हाय. पाटीवर लिवा."

पुण्याला निघालो त्या संध्याकाळी मी खिडकीशी उभा राहिलो. घरातली सगळी मागं होती. मास्तरांनी वही उघडली, रेघ मारली, माझं पूर्ण नाव लिहिलं. मला कुणी असं पूर्ण नाव लिहिलेलं तोवर फक्त शाळेतच पाहिलं होतं.

"परत कुठून येणार?"

"पुण्याहून," मी म्हणालो.

"बरोब्बर," ते म्हणाले आणि तिकीट दिलं.

पहिल्या सुट्टीत मी सरळ खिडकीशी धावलो, तर आत दुसराच बाबू. मास्तरांची बदली दूर, कृष्णेपलीकडे झाली होती. हुसेनचाचांनी सांगितलं, की वही त्यांनी नेली. मोकळ्या रकान्यांतल्या लोकांना पत्रं टाकून ते रकाने भरतो आणि वही आणून देतो, असं म्हणाले. जाताना स्वतःचंही नाव शेवटच्या ओळीवर लिहिलं आणि हुसेनचाचांना म्हणाले, तुम्ही विचारा. हुसेनचाचांनी विचारलं. त्यांनी नव्या स्टेशनचं नाव लिहिलं.

मी त्यांना पत्र लिहिलं नाही. इंग्रजी सुधारलं की लिहू, पहिला वर्ग मिळाला की लिहू, असं करत राहिलो. याची मला लाज वाटते.

आठ दिवसांपूर्वी हुसेनचाचांचं पत्र आलं. गावच्या शाळेच्या गुरुजींच्या हातचं आहे. सुरुवातीला सगळं कुशल आहे. लिंबाला मोहर आला आहे. सकाळची पॅसेंजर थांबते. नवा बाबूही आता नीट विचारायला शिकला आहे, सोनाआजीनं शिकवला. मग लिहिलं आहे, की मास्तर मागच्या महिन्यात त्यांच्या गावी वारले. शेवटी दोन महिने अंथरुणावर होते. त्यांच्या बाईंनी पार्सलानं वही धाडली, सोबत चिठ्ठी, की ही स्टेशनाची आहे, स्टेशनालाच द्या असं सांगून गेले. वहीतले बहुतेक मोकळे रकाने भरले आहेत. पुढं त्यांच्याच शब्दांत: तुम्ही आल्याचं मी त्यांना कळवलं होतं, तुमच्या ओळीवर लिहिलं आहे: 'पुण्याहून. सुट्टीत आला. मी नव्हतो.' शेवटची ओळ मास्तरांची आहे, तिचा रकाना मोकळा आहे. गुरुजी म्हणतात 'नाही' लिहा, पण माझा हात धजत नाही, कारण वही तर आली आहे. तुम्ही शिकलेले आहात. तिथं काय लिहावं ते एका शब्दात कळवावं. सलाम.